क्रॅश झालं की क्रिटिकल, आणि आकडा चुकला की मायनर?

कुठल्याही सॉफ्टवेअर टीमचा बग ट्रॅकर, म्हणजे चुकांची नोंदवही, उघडा, सिव्हिअरिटीवर, म्हणजे गांभीर्यावर, सॉर्ट करा आणि बघा सगळ्यात वर काय दिसतं. ॲप क्रॅश होतं, अमुक पेज उघडत नाही, तमुक बटण दाबलं की पांढरी स्क्रीन, लॉगिन होत नाही. आता खाली खाली जा, पार तळाला, जिथे सहसा कोणी फिरकत नाही. तिथे असली टिकिटं पडलेली असतात, "रिपोर्टमधली टोटल कधीकधी जुळत नाही", "सेव्ह केल्यावर जुनीच व्हॅल्यू दिसते, रिफ्रेश केलं की ठीक". मायनर. एस३, म्हणजे सिव्हिअरिटीची तिसरी पायरी (आकडा जितका लहान तितका बग गंभीर). बघू पुढच्या स्प्रिंटला, म्हणजे कामाच्या पुढच्या फेरीत. मी बरीच वर्षं टेस्टिंगमध्ये काढलीत आणि माझं आता ठाम मत झालंय की सिव्हिअरिटी म्हणून आपण मोजतो तो बऱ्याचदा नुसता आवाज असतो. जो बग धाडकन आपटतो तो वर, जो गुपचूप चुकीचं उत्तर देऊन निघून जातो तो खाली. यावरून आमच्याकडे ट्रायाजच्या, म्हणजे आलेल्या बगांना लेबल लावायच्या, मीटिंगमध्ये इतक्यांदा वाजलंय की म्हटलं एकदा लिहूनच टाकते.

आधी बेसिक उरकून घेऊ. सिव्हिअरिटी म्हणजे बगने काय आणि किती बिघडवलं, प्रायोरिटी म्हणजे तो कधी दुरुस्त करायचा. पहिली बघून सांगायची गोष्ट, दुसरी ठरवायची. टेस्टिंगच्या इंटरव्ह्यूत यावर हमखास प्रश्न असतो आणि उत्तरही सगळ्यांचं पाठ असतं, होमपेजवर कंपनीच्या नावाचं स्पेलिंग चुकलंय तर सिव्हिअरिटी लो पण प्रायोरिटी हाय, आणि कोणी वापरत नाही अशा जुन्या स्क्रीनवर ॲप क्रॅश होतं तर सिव्हिअरिटी हाय पण प्रायोरिटी लो. बरोबर आहे, पण हे उदाहरण इतकं घासून गुळगुळीत झालंय की त्यातून खरी अडचण कळतच नाही. खरी अडचण ही की प्रत्यक्षात दोन्ही रकाने एकच माणूस, टिकिट टाकतानाच, एका झटक्यात भरून मोकळा होतो आणि दोन्हीकडे एकच शब्द ठोकतो. हाय, हाय. मीडियम, मीडियम. मग दोन रकाने ठेवलेत कशाला? रीतसर बघायला गेलं तर सिव्हिअरिटी ज्याने तो बग डोळ्यांनी बघितलाय त्याने लिहायची, म्हणजे टेस्टरने किंवा सपोर्टवाल्याने, आणि प्रायोरिटी प्रॉडक्ट मॅनेजरने, कारण रिलीज कधी आहे, कुठला क्लायंट डोक्यावर बसलाय, कोणाच्या हातात किती काम आहे हे त्याला माहीत असतं. प्रायोरिटी बदलत राहते आणि बदलायलाच पाहिजे, त्यात काही गैर नाही. सिव्हिअरिटी मात्र बगबद्दल नवीन काही कळलं तरच हलावी. रिलीज तोंडावर आली म्हणून एस१ चा एस२ झाला असेल तर बग जिथल्या तिथेच आहे, पाटी तेवढी बदलली.

नावांचा तर सगळीकडे वेगळाच कारभार. बगझिला नावाच्या ट्रॅकरचं जुनं गणित म्हणजे ब्लॉकर, क्रिटिकल, मेजर, नॉर्मल, मायनर, ट्रिव्हियल आणि शेवटी एन्हान्समेंट, शिवाय प्रायोरिटीला पी१ ते पी५. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने पुढे ते आटोपशीर करून एस१ ते एस४ केलं. गूगलच्या ट्रॅकरमध्ये दोन्ही रकाने शून्यापासून, पी० ते पी४ आणि एस० ते एस४. जिरा या ट्रॅकरमध्ये पूर्वी ब्लॉकर-क्रिटिकल-मेजर असायचं, नंतर हायेस्ट ते लोएस्ट आलं, आणि तिथे त्या रकान्याचं नावच प्रायोरिटी आहे, सिव्हिअरिटी हवी असेल तर वेगळा रकाना आपल्या हाताने बनवून घ्यावा लागतो, त्यामुळे कित्येक टीममध्ये ती नसतेच आणि कोणाला चुकल्यासारखंही वाटत नाही.

मला सगळ्यात आवडते ती डेबियनची, म्हणजे लिनक्सच्या एका प्रकाराची, पद्धत. सात पायऱ्या आहेत, क्रिटिकल, ग्रेव्ह, सीरियस, इम्पॉर्टंट, नॉर्मल, मायनर, विशलिस्ट. आवडायचं कारण पायऱ्यांची संख्या नाही, सातमध्ये गोंधळ जरा जास्तच होतो उलट. कारण असं की वरच्या तिन्हींना रिलीज-क्रिटिकल म्हणतात आणि त्यातला एकही ज्या पॅकेजवर (म्हणजे त्यातल्या एखाद्या प्रोग्रामवर) उघडा आहे ते पॅकेज पुढच्या स्टेबल रिलीजला नेता येत नाही, बग फिक्स करा नाहीतर पॅकेज बाहेर काढा (अपवाद करायचा तर तो रिलीज टीमने, उघडपणे). म्हणजे लेबल लावलं की पुढे काहीतरी घडतं. आणि क्रिटिकलच्या व्याख्येत संपूर्ण सिस्टिम मोडणं आणि गंभीर डेटा लॉस हे दोन्ही एकाच ओळीत आहेत, डेटा गेला पण प्रोग्राम चालू राहिला तर तो कमी गंभीर असं तिथे कोणी धरत नाही. ही ओळ लिहिणाऱ्याने आधी कधीतरी हात पोळून घेतले असणार.

लेबल लावलं आणि काहीच घडलं नाही याचं उदाहरणही लिनक्सच्याच जगात आहे. उबंटू या लिनक्सच्या लाँचपॅड नावाच्या ट्रॅकरवरचा बग नंबर १, उबंटूचा संस्थापक मार्क शटलवर्थने ऑगस्ट २००४ मध्ये स्वतः टाकलेला, विषय काय तर मायक्रोसॉफ्टचा बाजारात सगळ्यात मोठा हिस्सा आहे. इम्पॉर्टन्स क्रिटिकल! तो २०१३ मध्ये बंद झाला. नऊ वर्षं क्रिटिकल उघडा आणि त्यासाठी रात्री कोणाचा फोन वाजला नाही. तो गंमतीचा आणि घोषणेचा भाग होता हे मान्य, पण आपापल्या ट्रॅकरमध्ये दोन-तीन वर्षं उघडे असलेले क्रिटिकल शोधून बघा, तिथे गंमत वगैरे काही नसते, नुसतं कोणीतरी कधीतरी चिडून लावलेलं लेबल असतं.

बरं, आता मूळ मुद्द्यावर येते, आवाज करणारा बग आणि न करणारा बग.

४१९५८३५ भागिले ३१४५७२७. उत्तर यायला हवं १.३३३८२०४४९ च्या आसपास. १९९४ मधल्या पेंटियमवर, म्हणजे इंटेलच्या प्रोसेसरवर, यायचं १.३३३७३९०६९. दशांशानंतर चौथ्या घरात चूक. हेच उत्तर परत ३१४५७२७ ने गुणून मूळ आकड्यातून वजा केलं तर शून्य यायच्या ऐवजी २५६ उरायचे. आता हे टिकिट तुमच्या ट्रायाजला आलं असं समजा. क्रॅश नाही, एरर नाही, लॉगमध्ये काही नाही, मशीन मस्त चालू आहे, फक्त काही ठरावीक आकड्यांच्या जोड्यांचा भागाकार किंचित चुकतोय. काय लेबल लावाल? खरं सांगा.

इंटेलने काय लावलं ते जगाला माहीत आहे. भागाकारासाठी चिपमध्ये जे लुकअप टेबल होतं त्यातल्या पाच जागा रिकाम्या राहिल्या होत्या, ही गोष्ट कंपनीला त्याच वर्षी उन्हाळ्यात कळली होती. गणिताचे प्राध्यापक थॉमस नायस्ली जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत बसले होते, त्यांचे आकडे जुळेनात, त्यांनी आधी स्वतःचा प्रोग्राम तपासला, मग कंपायलर, मग दुसरं मशीन आणलं, असं एकेक बाद करत करत ते प्रोसेसरपर्यंत पोचले आणि ३० ऑक्टोबर १९९४ ला त्यांनी ओळखीतल्या लोकांना ईमेल टाकली. इंटेलचं म्हणणं असं की नऊ अब्ज भागाकारांत एखादा चुकेल, साधा स्प्रेडशीटवाला माणूस २७,००० वर्षांत एकदा या चुकीला सामोरा जाईल. आयबीएमने वेगळा हिशोब मांडला, म्हणाले काही जणांना २४ दिवसांतून एकदा गाठ पडेल, आणि डिसेंबरमध्ये ती चिप असलेली मशीनं पाठवणं थांबवलं. शेवटी २० डिसेंबरला इंटेलने मागेल त्याला चिप बदलून द्यायचं कबूल केलं आणि त्याचा ४७.५ कोटी डॉलरचा खर्च हिशोबात धरला.

हा किस्सा लोक पीआरची चूक म्हणून सांगतात, ती होतीच, पण मला त्यात दुसरंच दिसतं. २७,००० वर्षांचा आकडा फक्त किती वेळा होईल ते सांगतो. झाल्यावर तुम्हाला कळेल का, हे सांगत नाही. क्रॅश २७,००० वर्षांत एकदा झाला तर ठीक आहे, झाला की कळेल, परत चालू करू. चुकलेला भागाकार मात्र कधी चुकला तेच कळणार नसेल तर त्या मशीनवर केलेल्या प्रत्येक भागाकाराकडे संशयाने बघावं लागतं. मग बग एका भागाकारापुरता राहत नाही, त्या मशीनवरचं सगळंच काम शंकेखाली येतं. सिव्हिअरिटीच्या एकाही रकान्यात हे मोजायला जागा नाही.

दुसरं उदाहरण एक्सेल २००७ चं, हे तर ट्रायाजवाल्यांसाठी मुद्दाम बनवल्यासारखं. ८५० गुणिले ७७.१ केलं की ६५५३५ यायला हवेत, सेलमध्ये दिसायचं १,००,०००. आत साठवलेली व्हॅल्यू मात्र बरोबर! त्या सेलला दोनने गुणलं तर नीट १,३१,०७० यायचे. म्हणजे हिशोब बरोबर, फक्त दाखवताना घोळ. आता जवळपास प्रत्येक टीमच्या डॉक्युमेंटमध्ये कुठेतरी लिहिलेलं असतं, डिस्प्लेचा प्रॉब्लेम म्हणजे कॉस्मेटिक, कॉस्मेटिक म्हणजे एस४. नियमावर बोट ठेवलं तर हा बग मार्जिन सरकलंय, रंग फिका आहे, त्याच रांगेत बसतो. पण स्प्रेडशीटमधला आकडा माणूस डोळ्यांनी बघतो, प्रिंट काढतो, फोनवर वाचून दाखवतो, आत काय साठवलंय ते कोण उघडून बघणार? मायक्रोसॉफ्टने सांगितलं की अशा मोजून बारा व्हॅल्यू आहेत ज्या चुकीच्या दिसतात, आणि तरीही बग कळल्यावर काही आठवड्यांत पॅच काढला. बारा व्हॅल्यू, त्याही फक्त दिसायला चुकीच्या, आणि त्यासाठी तातडीचा पॅच. बरोबर केलं त्यांनी.

आता आमच्याकडचं एक सांगते, नावगाव न घेता. एक रिपोर्ट होता, तारीख पासून, तारीख पर्यंत, बटण दाबा, फाइल डाउनलोड. अकाउंट्सच्या बाजूने एक टिकिट आलं, एकाच ओळीचं, "शेवटच्या दिवसाच्या एंट्री येत नाहीत". टेस्टिंगवाल्यांना हा बग वास येऊनच कळतो, "३१ तारखेपर्यंत" याचा अर्थ कोडने ३१ तारखेचे रात्रीचे शून्य वाजून शून्य मिनिटं असा घेतलेला, त्यामुळे ३१ चा दिवस सुरू होतो त्याच क्षणी रिपोर्ट संपतो आणि त्या दिवसाच्या सगळ्या एंट्री बाहेर. डेव्हलपरने बघितलं, म्हणाला फिक्स सोपा आहे पण तोच फंक्शन आणखी चार ठिकाणी वापरलाय, आत्ता हात लावायला नको, आणि वर्कअराउंड, म्हणजे बग तसाच ठेवून काम भागवायचा दुसरा रस्ता, आहेच की, पर्यंतच्या तारखेत एक दिवस पुढचा टाका. झालं. वर्कअराउंड आहे, म्हणून एस३. कागदावर अगदी नियमाला धरून, कारण जवळपास सगळ्यांच्या व्याख्येत हेच असतं, मोझिलाच्याही व्याख्यांमध्ये वर्कअराउंड आहे की नाही यावर पायरी ठरते.

पण हा वर्कअराउंड माहीत कोणाला होता? टिकिट टाकणाऱ्या बाईंना, सपोर्टच्या एका मुलाला आणि आम्हाला. बाकी जो जो तो रिपोर्ट काढत होता तो शेवटचा दिवस गायब असलेली फाइल घेऊन, टोटल मारून, वर पाठवत होता, आणि रिपोर्ट दिसायला एकदम व्यवस्थित, हेडर नीट, कॉलम नीट, एकाही रकान्यात लाल काही नाही. वर्कअराउंड त्यालाच कामाला येतो ज्याला आपलं काहीतरी अडलंय हे कळलंय! बटण चालत नसेल तर माणूस शोधाशोध करेल, कोणाला तरी विचारेल, दुसरा रस्ता काढेल. ज्याला रिपोर्ट बरोबरच वाटतोय तो कशाला शोधेल? म्हणून माझ्या मते न दिसणाऱ्या चुकीला वर्कअराउंड हा शब्द लागूच करू नये, तो त्या टिकिटात कोणी लिहिला की मी पुढचा प्रश्न विचारते, हा वर्कअराउंड वापरायला हवा हे युजरला कुठे दिसणार आहे? स्क्रीनवर? उत्तर नाही आलं की तो वर्कअराउंड नाही. आमच्यापुरती ती सोय झाली फक्त.

त्या एस३ चं पुढे काय झालं? बाकीच्या एस३ चं होतं तेच, पडून राहिला, मग कोणीतरी वरच्या माणसाने दोन रिपोर्ट शेजारी ठेवून बघितले आणि एका संध्याकाळी तो एकदम एस१ झाला. बग तोच. कोडमधली ओळही तीच. आवाज तेवढा वाढला.

इथून दुसरा रोग सुरू होतो. लोकांना एकदा कळलं ना की एस३ म्हणजे अडगळीची खोली, की कोणीही शहाणा माणूस एस३ लावत नाही. बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं म्हणतात तसं, सगळे ओरडूनच सुरुवात करतात. सपोर्टवाला क्रिटिकल लावतो कारण त्याला क्लायंटला उत्तर द्यायचंय, सेल्सवाला ब्लॉकर लावतो कारण डेमो आहे, टेस्टर पण मग दोन पायऱ्या वर चढवूनच टाकतो, खाली उतरवतील तेव्हा उतरवतील. मग सगळंच क्रिटिकल झाल्यावर मॅनेजमेंट काय करतं, तर क्रिटिकलच्या वर एक नवीन पायरी काढतं. पी१ पुरेना म्हणून पी०. मी एका ठिकाणी टिकिटाच्या नावातच "खरंच अर्जंट" लिहिलेलं बघितलंय, लेबल वेगळं. लोकांना शिस्त लावून, डॉक्युमेंट फिरवून, ट्रेनिंग घेऊन हे थांबत नाही, कारण लोक मूर्ख नाहीत, ते व्यवस्थेला बरोबर ओळखून वागतायत. एस३ ला खरोखर कोणीतरी हात लावतंय हे दिसलं तरच लोक एस३ लावतील. आणि ज्याला कधीच हात लागणार नाही ते सरळ बंद करा, "करणार नाही" असं लिहून. टाकणारा चिडेल, चिडू दे, निदान त्याला कळेल तरी. बॅकलॉगमध्ये, म्हणजे राहिलेल्या कामांच्या यादीत, वर्षानुवर्षं कुजत ठेवून, मग एखाद्या बॉटने "बरेच दिवस हालचाल नाही" म्हणून आपोआप बंद करणं हे जास्त अपमानास्पद आहे.

सिक्युरिटीवाल्यांना वाटतं त्यांच्याकडे हा प्रश्न सुटलाय, कारण त्यांच्याकडे आकडा असतो. सीव्हीएसएस नावाचं सुरक्षेतल्या त्रुटी मोजायचं गणित आहे, ० ते १० स्कोअर, ९ किंवा त्याच्या वर गेला की क्रिटिकल, ७ ते ८.९ हाय, ४ ते ६.९ मीडियम, त्याखाली लो. डिसेंबर २०२१ मधल्या लॉगफोरशेल नावाच्या त्रुटीला १० पैकी १० होते आणि त्यावर कोणाचा वादही नव्हता. पण हार्टब्लीड आठवतोय का? एप्रिल २०१४, वेबसाइटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमधला तो बग, ज्यात समोरच्याने एक छोटी रिक्वेस्ट पाठवायची आणि सर्व्हरने आपल्या मेमरीतला ६४ किलोबाइटपर्यंतचा तुकडा त्याला देऊन टाकायचा, त्यात पासवर्ड असो, सेशन असो, प्रायव्हेट की असो, जे हाताला लागेल ते. हवं तितक्या वेळा मागा. नेहमीच्या लॉगमध्ये मागमूस नाही. अर्ध्या इंटरनेटला सर्टिफिकेटं बदलावी लागली. याचा तेव्हाच्या सीव्हीएसएस दोनमधला स्कोअर माहितीये किती होता? ५.०. मीडियम.

आणि हे कोणाच्या हलगर्जीपणामुळे झालं नव्हतं, गणितच तसं होतं. माहिती फुटते, पण थोडी थोडी, म्हणून गोपनीयतेला "अंशतः" धक्का; डेटा बदलत नाही म्हणून तिथे शून्य; सर्व्हर पडत नाही म्हणून तिथेही शून्य. बेरीज ५. त्याच गणितात, दूरवरून काही चोरीला जात नाही, काही बदलत नाही, फक्त मशीन पूर्ण बंद पडतं, अशा बगला ७.८ मिळायचे. बंद पडलेला सर्व्हर हाय आणि चाव्या वाटत सुटलेला सर्व्हर मीडियम! पुढच्या आवृत्तीत गणित सुधारलं, हार्टब्लीड ७.५ वर गेला, तरी क्रिटिकल नाहीच. मी हे स्कोअर वापरू नका असं म्हणत नाहीये, हजारो सीव्हीई (जाहीर नोंदवलेल्या त्रुटी) येतात त्यातून चाळणी लावायला दुसरं आहे काय, पण स्कोअर हा फक्त सिव्हिअरिटीचा अंदाज आहे, त्यावरून थेट कामाची रांग लावणं म्हणजे परत दोन्ही रकान्यांत एकच शब्द भरणं. अमेरिकेच्या सिसा या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेने २०२१ पासून वेगळी यादी ठेवायला घेतली, खरोखर ज्यांचा गैरवापर होतोय अशाच त्रुटींची, ती शेजारी ठेवली की रांग बरीच शहाणी होते. आणि अंदाज बदलला तर लेबल खाली आणायलाही हरकत नसावी. ओपनएसएसएलनेच २०२२ च्या ऑक्टोबरात क्रिटिकल फिक्स येतोय म्हणून आधी जाहीर केलं, आठवडाभर सगळे तयारीत, आणि १ नोव्हेंबरला नीट तपासणीनंतर तो हाय वर आणला, का आणला तेही लिहून. लोकांनी नावं ठेवली, उगाच घाबरवलं म्हणून. मला ते प्रामाणिक वाटलं.

आता जे लिहिणार आहे ते जरा जड आहे. थेरॅक-२५ हे रेडिएशन थेरपीचं मशीन, १९८५ ते १९८७ मध्ये त्याचे सहा अपघात झाले, रुग्णांना प्रचंड जास्त डोस बसला, काही दगावले. सॉफ्टवेअरच्या कोर्समध्ये हे रेस कंडिशनचं (दोन कामांची वेळ एकमेकांत अडकून होणाऱ्या चुकीचं) उदाहरण म्हणून येतं. मला त्यातलं लेबल आठवत राहतं. त्या मशीनला काही बिघडलं की दोन तऱ्हांनी थांबायची सोय होती. एक "ट्रीटमेंट सस्पेंड", म्हणजे गंभीर, पूर्ण रीसेट केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. दुसरं "ट्रीटमेंट पॉज", म्हणजे किरकोळ, पी हे एक बटण दाबलं की पुढे चालू. मार्च १९८६ मध्ये टेक्सासमधल्या टायलर गावी ऑपरेटरने उपचार सुरू केले, मशीन थांबलं, स्क्रीनवर आलं "मॅल्फंक्शन ५४" आणि ट्रीटमेंट पॉज. शेजारी डोसचा आकडा, २०२ युनिट मागितलेत, गेलेत फक्त ६. म्हणजे दिसत होतं असं की डोस कमी पडलाय. त्या मशीनवर असले किरकोळ थांबे नेहमीचेच होते. ऑपरेटरने पी दाबलं. प्रत्यक्षात पहिल्याच वेळी रुग्णाला ठरलेल्या डोसच्या कितीतरी पट जास्त बसला होता, १८० रॅडच्या (रॅड म्हणजे किरणांच्या डोसचं माप) जागी १६,५०० ते २५,००० रॅड असा नंतरचा अंदाज आहे.

त्या ऑपरेटरची काय चूक म्हणायची? मशीनने स्वतः सांगितलं, किरकोळ आहे, पुढे जा. कुठल्या तरी टीमने बसून ठरवलं असेल ना की हा एरर कुठल्या पायरीत घालायचा. विमानातल्या सॉफ्टवेअरमध्ये डीओ-१७८सी नावाचा जो दंडक आहे तो इथेच वेगळा पडतो, तिथे ए ते ई अशा पातळ्या आहेत आणि त्या ठरतात सॉफ्टवेअर चुकलं तर विमानाचं आणि आतल्या माणसांचं काय होईल यावरून, कोड लिहायच्या आधी. एरर दिसला कसा, स्क्रीन लाल झाली की पिवळी, याच्याशी त्याचा संबंध नाही. आपल्या साध्या वेब ॲपला एवढं सगळं करायची गरज नाही, मान्य, पण तेवढा एक विचार उचलता येतो, युजरने स्क्रीनवर काय बघितलं यापेक्षा स्क्रीन बघून तो पुढे काय करणार आहे त्यावरून पायरी ठरवायची.

आमच्या टीममध्ये बऱ्याच भांडणांनंतर सध्या जे चालतं ते असं. चार पायऱ्या, जास्त नाहीत, कारण पाचवी आली की मधल्या तीनमधला फरक कोणालाच सांगता येत नाही. चुकीचा डेटा साठवला गेला, पाठवला गेला किंवा युजरला खरा म्हणून दाखवला गेला तर बग आपोआप किमान एस२, मग तो एकाच युजरला का येईना, मग क्रॅश नसला तरी. वर्कअराउंड असेल तर तो स्क्रीनवर दिसतो का हे लिहायचं, नसेल दिसत तर तो धरायचा नाही. किती जणांना येतो हा आकडा वेगळ्या रकान्यात, सिव्हिअरिटीत मिसळायचा नाही, कारण मिसळला की २७,००० वर्षांवाली पळवाट मिळते. काल चालत होतं आणि आजच्या बिल्डला (नव्याने तयार केलेल्या आवृत्तीत) मोडलं असेल तर प्रायोरिटी एक पायरी वर, यात वाद नको म्हणून सरसकट नियम. आणि सिव्हिअरिटी खाली आणायची असेल तर टिकिटात एक ओळ लिहायची, बगबद्दल नवीन काय कळलं. "रिलीज आहे" हे कारण चालत नाही, रिलीज असेल तर प्रायोरिटी खाली आणा आणि त्याखाली आपलं नाव राहू दे, एस२ उघडा ठेवून रिलीज केली हे रिलीज नोटच्या आतल्या यादीत दिसू दे. या शेवटच्या नियमाला सगळ्यात जास्त विरोध झाला, साहजिक आहे, कारण लेबल खाली आणलं की जबाबदारी नाहीशी होते आणि प्रायोरिटी खाली आणली की ती कोणाच्या तरी नावावर चढते.

डेव्हलपर मंडळींचा एक आक्षेप मला पटतो, की टेस्टरला कोड दिसत नाही, त्यामुळे चुकीचा डेटा आत साठलाय की फक्त दाखवताना घोळ झालाय हे त्याला बाहेरून कळणार नाही. खरंय. म्हणून पहिलं लेबल हे कच्चं समजायचं, डेव्हलपरने कोड बघून दुरुस्त करायचं, वर किंवा खाली. पण कच्चं लावताना शंका आली तर वरचं लावायचं, यावर मी अडून आहे, कारण वरचा बग कोणीतरी उघडून बघतं आणि खाली आणतं, खालचा कोणी उघडतच नाही.

परफॉर्मन्सचे बग कुठे बसवायचे हे मात्र अजून ठरलेलं नाही. पेज हळू उघडतं हा आवाज करणारा बग की गप्प बसणारा? हळू असल्याने युजर निघून जातो, तक्रार करत नाही, त्या अर्थी गप्प. पण तोच सर्व्हर टाइमआउटला गेला की एकदम बोंबाबोंब. आमचा एक सीनियर डेव्हलपर म्हणतो त्याला सिव्हिअरिटी लावूच नका, सेकंदांची मर्यादा ठरवा आणि ती ओलांडली की बग, नाही ओलांडली की बग नाही. मला ते अर्धंच पटतंय, कारण ती मर्यादा ठरवायच्या मीटिंगला नेमका तोच येत नाही. तोवर आम्ही ते सगळे एका वेगळ्या लेबलखाली टाकतो आणि दर रिलीजला तोच वाद पहिल्यापासून घालतो.